पैसे आधी गच्चीवर, एसी सगळ्यात शेवटी

पत्र: आमचं अकोल्यातलं दुमजली घर १९९४ सालचं. तोंड पश्चिमेला. वर ९०० चौरस फुटांचा स्लॅब आणि त्यावर जुना कोबा. उन्हाळ्यात वरचा मजला म्हणजे भट्टी. सासरे ७८ वर्षांचे आहेत, त्यांची खोली वरच. मागच्या मे महिन्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यांचा डोळा लागत नव्हता, एकदा तर भोवळ येऊन पडले. यंदा घराचं काम काढलंय. पाच लाखांची सोय केली आहे. ठेकेदार म्हणतो, वरच्या तिन्ही खोल्यांना पीओपीचं फॉल्स सीलिंग करा, जुन्या सागवानी खिडक्या काढून काचेच्या स्लायडिंग लावा, समोरून काळ्या टाइल्सचं एलेव्हेशन करा आणि दीड टनाचे दोन एसी बसवा. पावसाळ्यात गच्चीच्या एका कोपऱ्यातून ओल येते, तिथे तो कोब्याचा आणखी एक थर टाकून देणार आहे. मिस्टरांना हे सगळं पटलंय. मला मात्र वाटतं की कुठेतरी चुकतंय, पण काय चुकतंय ते बोलून दाखवता येत नाही. (एक वाचक, अकोला)

ताई,

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. ठेकेदाराच्या यादीतली कामं ऊन घरात शिरल्यानंतरची आहेत. ऊन बाहेरच्या बाहेर अडवणारं एकही काम तिच्यात नाही. उलट काळं एलेव्हेशन आणि पश्चिमेला मोठ्या काचा म्हणजे उन्हाला आणखी दोन दारं उघडून दिल्यासारखं आहे.

तुमच्या घरात उष्णता नेमकी कुठून येते ते आधी बघू. मेच्या २३-२४ तारखेला अकोल्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. म्हणजे त्या दिवसांत घराचा सगळ्यात जास्त ऊन खाणारा भाग भिंत नसते, गच्ची असते. स्वच्छ आकाशात दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट इतकं ऊन पडतं. आपली कपड्यांची इस्त्री तेवढीच असते. तुमची ९०० फुटांची गच्ची म्हणजे ८३ चौरस मीटर. ऐंशीच्या वर इस्त्र्या गच्चीवर पालथ्या घालून दुपारभर चालू ठेवल्या आहेत असं समजा, आणि खाली खोलीत सासरे निजले आहेत.

काँक्रीट आणि कोबा तापायला वेळ घेतात आणि निवायलाही. दुपारी वर बसलेलं ऊन स्लॅबच्या खालच्या अंगाला यायला काही तास जातात आणि मग ते मध्यरात्रीपर्यंत खोलीत उतरत राहतं. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणात बरं वाटत असतं आणि खोलीत मात्र जीव घाबरा होतो, तो यामुळे. पंखा लावला तर स्लॅबखाली साचलेली तीच गरम हवा अंगावर येते. उतारवयात दिवसभराचा उन्हाचा ताण रात्रीच्या गारव्यात उतरावा लागतो. तो उतरलाच नाही, तर चार-पाच दिवसांत माणूस खचतो. सासऱ्यांना आलेली भोवळ मी किरकोळ समजणार नाही, तुम्हीही समजू नका. मे २०२४ मध्ये उष्म्यामुळे तुमच्याच जिल्ह्यात प्रशासनाने कलम १४४ लावलं होतं, हे तुम्हाला आठवत असेलच.

माझं आजोळ मूर्तिजापूरकडचं. तिथे धाब्याचं घर होतं. लाकडी सरे, त्यावर काड्या आणि वर हातभर जाड पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेरून आत आलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि अंगाला थंडावा लागायचा. पुढे मामांनी ते पाडून स्लॅब टाकला. घर पक्कं झालं, गळती गेली, पण आजी त्या उन्हाळ्यापासून अंगणात बाज टाकून झोपू लागली ती शेवटपर्यंत. स्लॅब वाईट नाही. फक्त त्याच्या अंगावरचं मातीचं पांघरूण आपण काढून घेतलं आणि त्या जागी दुसरं काही घातलं नाही. तुमच्या पाच लाखांतला पहिला आणि मोठा वाटा या पांघरुणावर खर्च व्हायला हवा.

आता गच्चीचं काम. इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण घोळ होतो तो इथेच.

जुन्या कोब्यावर नवा थर अजिबात टाकू देऊ नका. चार इंच जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा तुमच्या गच्चीवर १५ टनांच्या आसपास वजन टाकतो. एक थर आधीच आहे. तीस वर्षांच्या स्लॅबवर आणखी तेवढाच बोजा चढवायचा आणि ओल मात्र जुन्या थराखाली तशीच कोंडून ठेवायची, हा इलाज नव्हे. ओल सळ्यांपर्यंत पोचली की सळ्या गंजून फुगतात आणि स्लॅबचे पोपडे पडतात. सासऱ्यांच्या खोलीत छताला कुठे फुगवटा किंवा तांबूस डाग दिसतो का, ते आजच बघा. दिसला तर ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

जुना कोबा पूर्ण काढायचा. तो घणाचे मोठे घाव घालून नाही, लहान ब्रेकरने किंवा छिन्नी-हातोड्याने, स्लॅबला हादरे न देता. स्लॅब स्वच्छ करून भेगा भरायच्या, वॉटरप्रूफिंगचा थर कठड्याच्या भिंतीवर फूटभर चढवून घ्यायचा आणि कोपऱ्यांना गोलाई द्यायची. मग पाण्याचे पाइप बुजवून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी किमान ४८ तास भरून ठेवायचं. खालून छत कोरडं राहिलं तरच पुढचं काम. ही चाचणी बहुतेक मिस्त्री टाळतात. तुम्ही टाळू देऊ नका, कारण पुढचे थर पडल्यावर गळती सापडणं महाकठीण.

त्यावर येतं पांघरूण, म्हणजे एक्सपीएसच्या शीट. थर्माकोलची ही दणकट, पाणी न शोषणारी जात. बाजारात निळ्या, गुलाबी अशा रंगांत मिळते. गच्चीसाठी जास्त घनतेचीच मागा, पॅकिंगचा पांढरा थर्माकोल इथे चालत नाही. जाडी ५० मिमी घ्या, म्हणजे दोन इंच. उष्णता रोखण्याच्या बाबतीत हे दोन इंच जवळपास आठ फूट जाड काँक्रीटच्या तोडीचे आहेत. उघड्या स्लॅबमधून जेवढी उष्णता आत येते, तिचा सहावा-सातवा हिस्साच यातून उतरतो. केंद्र सरकारने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली, तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी (याला यू-व्हॅल्यू म्हणतात), याची कमाल मर्यादा १.२ ठरवली आहे. आपला साधा स्लॅब त्याच्या तिप्पट भरतो. दोन इंच एक्सपीएस घातल्यावर आकडा साधारण ०.५ वर, म्हणजे मर्यादेच्याही निम्म्यावर येतो. जुन्या घरावर हा नियम कोणी लादणार नाही, पण मोजपट्टी म्हणून तो हाताशी असू द्या. ठेकेदाराला विचारा, ‘काम झाल्यावर छताची यू-व्हॅल्यू किती होईल?’ उत्तर आलं नाही, तर हे काम त्याने आधी केलेलं नाही असं समजा.

शीटचे सांधे एकापुढे एक येऊ द्यायचे नाहीत, विटांसारखे फिरवायचे. वर प्लास्टिकचा कागद किंवा जिओटेक्स्टाइल म्हणजे बांधकामातलं जाड कापड, त्यावर जाळी घालून दोन इंचांचं काँक्रीट. दहा फुटांना सव्वा इंच तरी उतार पाण्याच्या तोंडाकडे असावा. आणि सगळ्यात वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. एवढं सगळं घालूनही वजन जुन्या कोब्याच्या आसपासच राहतं.

पांढऱ्याचा आग्रह का, तर करड्या सिमेंटची गच्ची उन्हाचा बराचसा भाग पिते आणि नवी पांढरी गच्ची बराचसा परत पाठवते. वरच्या त्या ऐंशी इस्त्र्यांतल्या साठेक तिथल्या तिथे बंद झाल्यासारखं होतं. आपल्याकडे धूळ फार, दोन उन्हाळ्यांत पांढऱ्याचं मळकट होतं, म्हणून होळीच्या सुमारास वर्षातून एकदा गच्ची घासून धुवायची. चायना मोझॅक धुता येतं आणि त्यावर पापड-कुरड्याही घालता येतात. नुसता पांढरा रंग चालता-चालता झिजतो.

याचा फायदा गारव्यापुरता नाही. उघडा स्लॅब दुपारी तापून फुगतो, पहाटे आकसतो, रोज. त्यातून भेगा पडतात, भेगांतून गळती, आणि गळतीवर पुन्हा कोबा. पांघरुणाखालचा स्लॅब एवढा हलत नाही. तुमच्या त्या कोपऱ्यातल्या ओलीचं मूळही बहुधा यातच असेल.

काम एप्रिलमध्ये आटोपायचं. मृग लागेपर्यंत लांबवलं तर पाऊस अर्ध्या कामावर पडेल, आणि ऐन मे महिन्यात काँक्रीटला पाणी मारायला पुरत नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याची जबाबदारी घरातल्या एकावर सोपवा. मिस्त्रीच्या भरवशावर राहू नका.

फॉल्स सीलिंगबद्दल तुमच्या मिस्टरांशी जरा बोलायला हवं. पीओपीने खोली थोडी बरी वाटते हे खरं आहे, कारण तापलेल्या स्लॅबची झळ थेट डोक्यावर येत नाही. पण स्लॅब तापलेलाच राहतो, वरच्या पोकळीत गरम हवा कोंडते, आणि रात्री तीच उष्णता हळूहळू खाली येते. पीओपीचा पातळ पत्रा उष्णता फारशी अडवत नाही. वर खोलीची उंची फूटभर कमी होते आणि गळती लागली तर छत उखडेपर्यंत कळत नाही. तुमची गच्ची तुमच्या मालकीची आहे, तिच्यावर काम करता येतं, मग आतून ठिगळ कशाला? सोसायटीची गच्ची हाताळता येत नाही अशा फ्लॅटवाल्यांनी छताला आतून इन्सुलेशनचे बोर्ड लावणं मी समजू शकते. तेही उघडा थर्माकोल किंवा फोम कधीच ठेवू नये. तो पेट घेतो, त्याचा धूर विषारी असतो आणि विजेच्या वायरी तिथूनच जातात. आग न धरणाऱ्या प्रतीचा माल आणि खालून जिप्सम बोर्ड हवाच.

आता पश्चिमेची भिंत. दुपारी तीननंतर ऊन तिरपं येतं, खिडकीवरचा सज्जा त्याला अडवू शकत नाही, ऊन सज्जाखालून सरळ आत येतं. दक्षिणेच्या भिंतीची मे महिन्यात काळजी नको, सूर्य जवळजवळ डोक्यावरूनच जातो. पश्चिमेला उभी सावली लागते, आणि ती काचेच्या बाहेर लागते. आतल्या जाड पडद्याने डोळ्यांना बरं वाटतं, पण तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं. पडदा तापतो आणि त्याची उष्णता खोलीतच राहते. बुरुडाकडून बांबूचे तट्टे करून घ्या, खिडकीपासून अर्धा फूट पुढे, दोरीने गुंडाळता येतील असे. पाच लाखांच्या कामात ही सगळ्यात स्वस्त बाब असेल, आणि गच्चीनंतर जास्त उपयोग हिचाच.

सागवानी खिडक्या काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन्ही झडपा उघडल्या की त्या पूर्ण उघडतात. स्लायडिंगची एक बाजू कायम बंद, म्हणजे वारा अर्धा. रात्री दहानंतर बाहेरची हवा निवते, ती घरभर फिरवायची असेल तर पूर्ण उघडणारी खिडकी हवी. झडपा रंधून घ्या, बिजागऱ्या बदला, मच्छरजाळी बसवा, फटींना रबरी पट्टी लावा. आणि जिन्याच्या वर गच्चीवर निघणारी जी छोटी खोली आहे, तिच्या दाराला जाळीचा दुसरा दरवाजा करून घ्या. रात्री ते उघडं ठेवलं की घरातली गरम हवा जिन्यातून धुराड्यासारखी वर निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून गार हवा ओढली जाते. सकाळी आठच्या आत सगळं बंद. आपल्या आज्या हेच करायच्या.

काळ्या टाइल्सचं एलेव्हेशन रद्द करा. पश्चिमेच्या भिंतीला पांढरा किंवा फिकट बदामी रंग पुरेसा आहे. शोभा हवी असेल तर समोर कडुनिंब लावा. सात-आठ वर्षांत तो खिडकीला सावली देऊ लागेल.

राहिला एसी. दीड टनाचा एसी अकोल्याच्या उन्हात, तापलेल्या स्लॅबखाली चालवला तर तासाला साधारण एक ते सव्वा युनिट खातो. दोन एसी रोज आठ तास म्हटले तर महिन्याला नुसत्या एसींचीच ४८० ते ६०० युनिटं झाली. महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढत जातात, त्यामुळे शेवटची युनिटं सगळ्यात महाग पडतात. दुकानात लेबलवर जो वर्षाचा युनिटचा आकडा छापलेला असतो, तो १६०० तासांचा हिशेब आहे. तुमचे तास आणि तुमचं ऊन वेगळं, म्हणून त्यावर बजेट बांधू नका.

एसी नकोच असं मी म्हणणार नाही. घरात ७८ वर्षांचा माणूस आहे. पण आधी गच्ची, मग एक उन्हाळा बघा. त्यानंतर सासऱ्यांच्या खोलीला एक टनाचा, इन्व्हर्टरवाला, पाच स्टार असा एकच एसी बहुधा पुरेल. तो २६-२७ वर ठेवायचा आणि सोबत पंखा हळू चालवायचा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात किंवा बंद कोनाड्यात लावू देऊ नका.

आणि कूलरला मोडीत काढू नका. एप्रिल-मे मधली आपली हवा कोरडी असते, तिथे वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्यांचा कूलर एसीच्या सातव्या-आठव्या भागाइतक्या विजेत काम करतो. फक्त तो सावलीच्या बाजूला, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत लावायचा आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची. हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत दमट चिकचिक होते. मृग पडला, हवा ओली झाली, की कूलरचं काम संपतं. तेव्हा एसी. दोन्ही एकदम कधीच नाही, कारण एकाला उघडी खिडकी लागते आणि दुसऱ्याला बंद.

पंखे मात्र आत्ताच बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. पाच पंखे, शंभर युनिट. बिलाचा टप्पा खाली येण्याइतकी ही बचत आहे.

सोलर घ्यायचा विचार असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि पॅनलच्या सावलीने गच्चीचा काही भाग झाकला जातो. पण सोलर गच्चीच्या कामानंतर, आधी नाही. पॅनलच्या पायांसाठी लागणारे काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या वेळीच ओतून घ्या. नाहीतर सोलरवाला येऊन नव्या गच्चीला ड्रिलने भोकं पाडेल आणि तुमची ओल परत येईल.

एवढं सगळं एप्रिलपर्यंत होईलच असं नाही, हे मला कळतं. पैसे थांबतात, मिस्त्री लग्नसराईत गायब होतो. तसं झालं तर यंदापुरतं गच्चीला चुन्याचे दोन हात मारा, चुन्यात बाईंडर, म्हणजे चुना धरून ठेवणारा चिकट पदार्थ घालून, गच्ची तापायच्या आत. त्याच्यावर सात फुटांवर हिरवी नेट किंवा तुराट्यांचा मांडव घाला; मध्ये वारा खेळायला हवा, स्लॅबवर अंथरलेल्या नेटचा फारसा उपयोग नाही. चुना वॉटरप्रूफिंग नव्हे, पावसात तो धुऊन जाईल, तरी हा एक उन्हाळा सुसह्य होईल.

आणि सासऱ्यांना मार्चच्या शेवटीच खालच्या मजल्यावर आणा. वर गच्ची आहे, मोकळं वाटतं, माझी जागा आहे, असं ते म्हणतील. त्यांना ‘तुम्हाला झेपत नाही’ असं सांगू नका. गच्चीचं काम सुरू आहे, धूळ उडते, पावसाळ्यात खोली परत तुमचीच, एवढं सांगा. त्यांची बाज, रेडिओ आणि देवाची तसबीर त्यांच्याआधी खाली पोचू द्या.